मंगळावरची खंडेनवमी

खंडेनवमीला मंगळवस्तीतली झाडून सारी यंत्रं पुसून झाली, तेव्हा वृंदाताईंना वस्तीबाहेरचं ते जुनं यान आठवलं. माणसांच्या दीडशे वर्षं आधी ते जीवसृष्टी शोधायला आलं होतं आणि धुळीनं सौरपट्ट्या झाकल्यावर कायमचं गप्प झालं होतं.

“मेलेल्या यंत्राची कसली पूजा, ताई?” रेडिओवर सदानंद हसला.

“अरे, आपल्यातलं सगळ्यात थोरलं आहे ते!” म्हणत ताईंनी पट्ट्या लख्ख पुसल्या आणि काचघरातला झेंडू वाहिला.

यान थरथरलं! त्याचा हात करकरत उठला आणि त्यानं फूल उचलून पोटातल्या तपासणीच्या भट्टीत टाकलं.

“ताई, ते पृथ्वीला संदेश पाठवतंय!” सदानंद ओरडला. “म्हणतंय, मंगळावर जीवसृष्टी सापडली!”

ताईंनी हात जोडले. “खरंच सांगतंय की रे!”