डँडेनॉन्गची ऑर्डर

“परत फुंक,” श्रीनिवास म्हणाला.

सुहासिनीने फुंकलं. बांबूतून नुसती हवा गेली.

केलीव्हिल उपनगरातल्या त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये तीन आठवडे हेच चाललं होतं. श्रीनिवासची नोकरी आयटीतली, पण जीव इथे. ओठांशी उभी धरून वाजवायची जपानी बासरी, शाकुहाची, तो स्वतः घडवायचा. आता नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि फुंकायला छातीत दम उरला नव्हता. फेब्रुवारीत डॉक्टरांनी फुप्फुसं बदलायच्या यादीतून त्याचं नाव काढलं. घरी आल्या आल्या तो बायकोला, सुहासिनीला म्हणाला, डँडेनॉन्गच्या एका गिऱ्हाइकाची बासरीची ऑर्डर राहिलीय, तेवढी पुरी करू. फुंकायचं तू.

बासरीच्या पोकळीत तो ओल्या कागदाचा कपटा चिकटवायचा, तिला फुंकायला लावायचा, कपटा जरा सरकवायचा, पुन्हा फुंकायला लावायचा. आतली जागा केसाएवढी कमीजास्त झाली तरी सूर बदलतो, असं समजावायचा. ओठ कसे ठेवायचे, हनुवटी किती खाली घ्यायची, श्वास पोटातून कसा सोडायचा, तेही सांगायचा. दोन वाक्यांत त्याला धाप लागायची. त्याच्याकडे बोलणं मोजकंच उरलं होतं, आणि ते सगळं कुणा अनोळखी गिऱ्हाइकापायी संपत होतं.

त्या दिवशी खोकल्याची उबळ थांबेचना. त्याचे ओठ निळे पडले. जरा शांत झाल्यावर सुहासिनीने बासरी टेबलावर आपटली. त्या माणसाला नाही म्हणून कळव, नाहीतर मी कळवते, ती म्हणाली. तुझे शेवटचे दिवस मी त्याला देणार नाही.

‘शेवटचे’ हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला.

श्रीनिवासने बासरी उचलून तिच्या हातात दिली. पाचही भोकं बंद कर, त्याने खुणेने सांगितलं.

ती रडत होती. रडता रडताच तिने फुंकलं, आणि सूर लागला. जाड, खरखरीत, लांब. श्वास संपेपर्यंत तुटला नाही. श्रीनिवासने डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने तिने कपाटातून खोका काढला. बासरी कापडात गुंडाळली आणि डँडेनॉन्गचा पत्ता विचारला.

“डँडेनॉन्गला कुणीच नाही,” तो म्हणाला. धाप ओसरू दिली. “बासरी नोव्हेंबरातच तयार झाली होती. तू शिकायची राहिली होतीस.”