तिसरी कंपनी

जेसल पार्कच्या नाक्यावर बबनच्या गॅरेजमध्ये लीलाधरची मोटरसायकल उघडून पडली होती. शेजारी पालथ्या डब्यावर त्याची बायको गोदूबाई माशांची टोपली पायाशी घेऊन बसली होती. टोपलीतला बर्फ पाणी सोडत होता. इंद्रलोकच्या बाजारातली तिची गिऱ्हाइकं एव्हाना दुसरीकडे वळली असणार. तरी ती काही बोलत नव्हती, आणि लीलाधरला तेच जड जात होतं.

नऊ वर्षांतली ही त्याची तिसरी गाडी, तीही तिसऱ्या कंपनीची. कंपन्यांची नावं सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा काय दोष ते पुढे कळेलच. भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यात मात्र गाडीच्या बाबतीत लीलाधरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोरं शोरूमला जायच्या आधी त्याच्या ओटीवर येत. पहिल्या कंपनीचं इंजिन दणकट, पण क्लच कुचकामी. दुसरीचं मायलेज चांगलं, क्लच मात्र पहिलीहून वाईट. तिसरी डोळे झाकून घ्या, असं तो कालपर्यंत सांगत होता. आज तीही पुलाच्या चढावर जळका वास सोडून थांबली.

दोघांनी ती ढकलत इथवर आणली होती. वाटेत गोदूबाई एवढंच म्हणाली होती, की उद्यापासून ती शेजारच्या अंबिकाबरोबर रिक्षाने बाजारात जाईल. रागाने नाही, पापलेटचा भाव सांगावा तितक्या सरळ. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघांना बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. जे काय बोलणं व्हायचं ते सकाळच्या या वीस मिनिटांत. ती मागे बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, हा पुढे मान डोलवायचा. ते सगळं आता अंबिकाच्या वाट्याला जाणार, या विचाराने लीलाधरला चैन पडेना.

म्हणून त्याने बबनला विचारलं, बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात, की कधीच दगा देणार नाही अशी गाडी नेमकी कुठल्या कंपनीची. काहीही करून तो तीच आणणार होता.

बबन गिऱ्हाइकाशी वाद न घालणारा माणूस. गेल्या दोन गाड्यांच्या वेळीही तो गप्पच राहिला होता. त्याने क्लचच्या प्लेटा काढून वर्तमानपत्रावर मांडल्या. सगळ्या जळून काळ्या पडलेल्या. मग त्याची नजर टोपलीखाली साचलेल्या पाण्याकडे गेली, आणि आज त्याला राहवलं नाही.

"काका, कुठलीही घ्या, तिचंही हेच होणार," तो म्हणाला. "तिन्ही गाड्या मीच उघडल्यात. कंपनी बदलली, हात तोच आहे."

गोदूबाईला काही उमजलं नाही, तेव्हा त्याने तिला समजावून सांगितलं. डाव्या हाताची ही दांडी गिअर पडला की पूर्ण सोडायची असते. काका ती वाटभर अर्धी दाबून ठेवतात. प्लेटा एकमेकींवर घासत राहतात आणि जळतात. शिकाऊ पोरं असं करतात, तेही पहिला महिनाभर. काका तर तीस वर्षं गाडी चालवतायत.

"आणि एकटे असले की एकदम नीट चालवतात," बबन म्हणाला. "रोज दुकानासमोरून जातात ना, मी बघतो. तुम्ही मागे असलात की असं."

लीलाधरचे हात स्वच्छ होते, तरी तो ते फडक्याला पुसत राहिला. मग तो त्या काळ्या प्लेटांकडे बघत म्हणाला, "पुरता सोरला तर गारी झटका देते. एकदा दिलेला हाय."

तिला आठवायला जरा वेळ लागला. नऊ वर्षांपूर्वी इंद्रलोकच्या वळणावर सिग्नल सुटला होता आणि याने घाईत क्लच सोडला होता. ती टोपलीसकट रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, पापलेटं टेम्पोखाली गेली. नवऱ्याला कुणी हसू नये म्हणून तिने वाड्यात सांगितलं, की बर्फाच्या पाण्यावरून मीच घसरले. सांगून सांगून पुढे तिलाही तेच खरं वाटू लागलं होतं. त्याने तर तो विषय नऊ वर्षांत एकदाही काढला नव्हता.

गोदूबाईला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तीन गाड्या जाळल्या, तीन कंपन्यांना शिव्या घातल्या, पण भीती वाटते एवढं काही या माणसाच्या तोंडून निघालं नाही.

"मना सांगाचा व्हता," ती म्हणाली.

"काय सांगू?" तो म्हणाला.

नव्या प्लेटा बसायला तासभर गेला. तेवढ्यात गोदूबाईने समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघींना हिंदीत पटवून बोंबील खपवले. बबनने गाडी चालू करून दिली. लीलाधर गाडीवर बसला खरा, पण त्याचं लक्ष नाक्यावर उभ्या असलेल्या रिक्षांकडे होतं. ती आता हात करणार, असं त्याला वाटत होतं.

तिने टोपली उचलली आणि त्याच्या पुढ्यात टाकीवर ठेवली. वाड्यातल्या साऱ्या बायकांसारखी तीही आजवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एका हाताने टोपली सांभाळत बसायची. आज तिने लुगडं जरा वर खोचलं, भर नाक्यात गाडीवरून पाय पलीकडे टाकला आणि पुरुषासारखी ऐसपैस बसली. बबनने उगाच पान्यांचा डबा धुंडाळायला घेतला. गोदूबाईने दोन्ही हातांनी नवऱ्याच्या कमरेला घट्ट मिठी घातली.

"सोरा आता त्यो क्लच," ती म्हणाली. "बघू कशे पारताव मना."