बुटातला खडा

टीव्हीवरच्या काउबॉय मालिकेत ऑर्व्हिल शेरीफच्या लंगड्या सोबत्याचं काम करायचा. लंगडायला विसरू नये म्हणून डाव्या बुटात टोचरा खडा ठेवायचा. लोकांचा विरस नको म्हणून गल्लीतही तसाच चालायचा, कित्येक वर्षं.

मालिका बंद झाली. स्टुडिओत सगळे रडत होते. ऑर्व्हिलने बाहेर येऊन खडा झटकला आणि ताठ चालत घराजवळच्या दुकानात शिरला.

शेजारच्या डेल्गाडो आजी त्याच्या पायांकडे बघतच राहिल्या. मेलो, सोंग उघडं पडलं, त्याच्या मनात आलं.

"बरा झाला की रे पाय!" आजींचे डोळे भरून आले. "दर रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावत होते. हा दुकानदार हसायचा मेला!"

ऑर्व्हिलने हॅट काढली. "खरंच आजी, आज पाय टेकवला आणि दुखलं नाही."