नजरचूक

कारखान्यात नवी यंत्रं बसायची होती, म्हणून जुन्या भिंतींचं सगळं काम नव्यानं निघालं होतं. वायरिंगवाली भिंतीत स्विचचे बॉक्स बसवून जायची आणि मागून येणारा गवंडी गिलावा करताना रोज एखादा बॉक्स हटकून लिंपून टाकायचा. दुसऱ्या दिवशी ती छिन्नी-हातोडी घेऊन भिंत ठोकत बॉक्स शोधायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "अहो गवंडीबुवा, डोळे घरी ठेवून येता का?"

"नजरचूक हो," म्हणत तो साळसूदपणे शेजारी उभा राहायचा. तिची बोलणी खाऊन त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शेवटी सुपरवायझरनं त्याला फैलावर घेतलं. "पुन्हा एक जरी बॉक्स बुजला, तर उरलेलं काम दुसऱ्याला देईन!" त्या संध्याकाळी बिचाऱ्यानं एकूणएक बॉक्स उघडे ठेवले आणि तोंड पाडून घर गाठलं.

सकाळी येऊन बघतो तर सुपरवायझर त्याच्याच नावानं शंख करत होता. जिन्याजवळचा एक बॉक्स गायब होता. गवंड्यानं भिंतीला हात लावला. गिलावा अजून ओला होता आणि त्यावर थापीची सफाई नव्हती, स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते.



"त्यांना नका बोलू साहेब, तो मी बुजवलाय. नजरचूक!" म्हणत वायरिंगवालीनं छिन्नी-हातोडी गवंड्याच्या हातात दिली. "ठोका आता तुम्ही. मी उभी राहते शेजारी."