कॅरिगलला येण्याची सतरा कारणं

सोळावं कारण सांगून झालं तेव्हा डॉक्टर मेरेसेनीने दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं, आणि थेल्माने घाईने पावलं उचलली.

सोळावं कारण म्हणजे जुना तुरुंग. त्याआधी दगडी कोर्ट झालं, सोन्याच्या खाणीचं तोंड झालं, दीडशे वर्षांचं पोस्ट ऑफिस झालं. नगराध्यक्ष लिंडसेने पर्यटकांच्या पत्रकावरून ही यादी उतरवली होती आणि गावातून फिरवून आणायचं काम थेल्माच्या गळ्यात घातलं होतं. डोंगरावरच्या या टीचभर गावात दवाखान्याला दोन वर्षं कुलूप होतं. फिजीहून आलेली ही तरुण डॉक्टर काहीही करून इथे राहायला हवी होती.

यादीच्या तळाशी लिंडसेने एक सूचनाही टाकली होती : पाहुणीसमोर कुणी कुरकुर करायची नाही. ती लिहायची खरं तर गरजच नव्हती. कॅरिगलच्या माणसाला ‘कसं काय’ विचारलं की तो ‘झकास’ म्हणणार, मग घोड्यावरून पडून त्याच्या दोन बरगड्या मोडलेल्या का असेनात. दुखणी सांगत बसणाऱ्याला इथे कुणी चहालाही बोलवत नाही.

सतरावं कारण चहाच होतं. महिला मंडळाच्या हॉलमध्ये स्कोनचे छोटे गोडसर पाव, जॅम आणि साय मांडून अख्खं गाव ठेवणीतल्या कपड्यांत बसलं होतं. डॉक्टर टेबलाटेबलाशी जाऊन विचारपूस करत होती.

“मजेत!” दोन्ही हातांनी किटली घट्ट धरून बेव्ह म्हणाली.

“घोड्यासारखा ठणठणीत,” मर्व्ह म्हणाला. मध्ये दोनदा श्वास घेऊन म्हणाला.

“नाचायला सांगा, आत्ता नाचतो,” कोपऱ्यातून क्लॅरी म्हणाला. क्लॅरी थेल्माचा नवरा. त्याने उजवा पाय टेबलक्लॉथखाली सारला होता. त्या पायावरची जखम आठ महिने भरत नव्हती. आठवड्यातून दोनदा नव्वद किलोमीटर घाट उतरून ड्रेसिंग करून आणावं लागायचं, आणि थेल्माच्या डोळ्यांना आता घाटातली वळणं धड दिसत नव्हती. दवाखाना उघडला नाही, तर हिवाळ्याच्या आत घर विकून खाली लेकीकडे जायचं ठरलं होतं. क्लॅरीचा जन्म त्याच घरातला. ठरलं तेव्हाही तो ‘झकास’ म्हणाला, आणि थेल्माला भीती वाटली ती त्या शब्दाचीच.

डॉक्टरने कप खाली ठेवला.

“लिंडसे, गाव फार सुंदर आहे तुमचं. पण खरं सांगू? खालच्या एका गावातूनही मला बोलावणं आहे. तिथे म्हातारी माणसं आहेत, आजारी आहेत. इथे देवाच्या कृपेने सगळे धडधाकट. मी इथे काय करू, माशा मारू?”

लिंडसे सवयीने हसला. मग आपलीच सूचना अंगाशी आल्याचं त्याला कळलं. बाहेर डॉक्टरला परत न्यायला थांबलेल्या बसवाल्याने हॉर्न दिला.

थेल्माने हॉलभर नजर फिरवली. चाळीस माणसं, आणि प्रत्येक जण आपापल्या बशीत बघत होता. इतका संताप तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

“क्लॅरी, पँट वर कर.”

“काय?”

“पँट वर कर. पाय दाखव.”

“अगं, लोक खातायत!”

“खाऊ देत.”

“मेलो तरी करणार नाही.”

“मरतोच आहेस की, हळूहळू.”

ती गुडघ्यांवर बसली आणि तिनेच त्याची पँट वर ओढली. पट्टी भिजून पिवळी झाली होती. कुणीतरी हातातला अर्धा स्कोन खाली ठेवला.

“दुखतं त्याला,” थेल्मा म्हणाली. “झोप नाही लागत. मलाही नीट दिसत नाही. इथे कुणीही धड नाही, डॉक्टर. खोटं बोलत होतो आम्ही.” चारचौघांत कपडे काढावेत तशी तिला लाज वाटली. कान लाल झाले.

मग बेव्हने किटली टेबलावर ठेवली. किटली सुटली तरी हात थरथरतच राहिले. “हे असे,” ती म्हणाली.

“हॉलच्या पायऱ्या चढवत नाहीत मला,” मर्व्ह म्हणाला. “तीनच आहेत.”

लिंडसेने यादीची घडी करून खिशात घातली. “माझ्या छातीत दुखतं. म्हणजे, फक्त चढावर.”

“आपल्या गावात चढाशिवाय आहे काय रे?” कुणीतरी विचारलं, आणि हॉल खदखदून हसला.

डॉक्टर हसली नाही. तिने जाकीट काढून खुर्चीला अडकवलं, कप विसळायच्या सिंकमध्ये कोपरापर्यंत हात धुतले, जमिनीवर फतकल मारली आणि क्लॅरीचा पाय मांडीवर घेतला. क्लॅरी छताकडे बघत राहिला.

“पट्टी कुणी बांधली?”

“मी,” थेल्मा म्हणाली.

“हात चांगला आहे तुमचा. मलम चुकीचं आहे.”

“एवढं काही नाही हो ते,” क्लॅरी पुटपुटला.

“तुम्ही गप्प बसा, काका.”

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. थेल्माची नजर डॉक्टरच्या बोटांवर होती. ती पट्टीचा एकेक पदर सोडवत होती.

“पोरी,” थेल्मा हळूच म्हणाली, “तुझी बस निघेल.”

“लिंडसे, तुम्ही जागचे हलायचं नाही,” डॉक्टर मान वर न करता म्हणाली. “दुसरं कुणीतरी जा, आणि त्या ड्रायव्हरला सांगा, माझी बॅग खाली उतरव.”