उपासाची भूक

नवऱ्याचं, दिगंबररावांचं, उद्या ऑपरेशन होतं म्हणून निर्मलाबाईंनी संकष्टी धरली होती. पण दुपार कलली तरी त्यांना भूकच लागेना.

"भुकेवाचून उपास कसला गं? देवाला काय सांगू मी?" त्या कासावीस झाल्या.

सून तेजलने सासूच्या मनगटातल्या, भूक सांभाळणाऱ्या चिपेवरचा खाण्याचा आकडा पाहिला. "आई, सकाळपासून तीन केळी नि ताटलीभर रताळी झालीत. आजचा आकडा भरला, म्हणून तिनं तुमची भूक बंद केलीय."

"अगं, फळं म्हणजे काय खाणं असतं? मी आज काही खाल्लेलं नाही."

"हे तिला कुठं ठाऊक? आकडा भरेपर्यंत ती भूक लावते, भरला की थांबवते."

"मग सांग तिला, उपासाला फळं-कंदमुळं मोजायची नसतात म्हणून!"

तेजलने हसत हसत फळं-कंदमुळं मोजणीतून वगळली. घटकाभरात माहेरची सखी यावी तशी निर्मलाबाईंची भूक आली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग राहवेना, म्हणून एक केळं खाल्लं. मग दुसरं, मग तिसरं. पोट तडस लागेपर्यंत भरलं, तरी आकडा हलेना, नि भूक होती तशीच.

"पुरे आता! आई, हा उपास घडतोय की मोडतोय?"

निर्मलाबाईंनी पोटावर हात ठेवला.

"पोटही भरलंय, नि भूकही लागलीय. तेजल, ह्यांच्यासाठी देवापुढं यातलं कुठलं ठेवू गं?"