गुळाचा खडा

"पाच मिनिटांचं काम आहे, खोब्रेकर," हातात यंत्र धरून आलेला तंत्रज्ञ म्हणाला. "दारूची एकेक आठवण पुसली जाईल. आठवणच नाही, तर तल्लफ कुठून येणार? मग या बैठकांचीही गरज नाही."

खोब्रेकरांनी दारू सोडून अकरा वर्षं झाली होती. दर गुरुवारी समाजमंदिरात सतरंजी तेच अंथरायचे. आज पहिल्यांदा आलेली विल्मा त्यांच्यासमोर थरथरत बसली होती.

"हात कापायचे कधी थांबतात, काका?"

"माझे एकोणिसाव्या दिवशी थांबले. तल्लफ आली की गुळाचा खडा जिभेखाली ठेव." खोब्रेकरांनी ताटली तिच्याकडे सरकवली आणि ते तंत्रज्ञाकडे वळले. "हे पुसलं तर हिला कोण सांगणार?"

"यंत्र सांगेल. मी तर आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, तरी सगळं समजतं मला." बोलता बोलता त्याने ताटलीतला खडा उचलला आणि सवयीने जिभेखाली सरकवला.

"गूळ मीच शिकवला तुला, हर्षद," खोब्रेकर म्हणाले. "दोन वर्षं याच सतरंजीवर बसायचास. आता तुझ्या वाटचंही मलाच आठवावं लागतं. ते यंत्र पिशवीत घाल आणि खाली बस."